कधी डावा, कधी उजवा

मित्रांनो, मी कोण हे ऐकून तुम्ही तोंडावर हात ठेवून हसाल. हसून घ्या, मला सवय आहे. मी एक जुना सांगाडा आहे, पण अख्खा नाही. कंबरेची दोन रुंद हाडे आणि मागे माकडहाड, एवढाच माझा पसारा. ना डोके, ना पाय. तरीही मी भल्याभल्यांना बोलते केले आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. गरम प्लास्टिक ओतले, स्क्रू पिळले आणि तळाशी लाल रबराचे स्नायू चिकटवले. तुम्ही शिंकता, हसता, उडी मारता, तेव्हा पोटातला सगळा भार खालून हेच स्नायू तोलून धरतात. लघवी रोखण्याचे कामही त्यांचेच. एवढे राबूनही चारचौघांत त्यांचे नाव कोणी घेत नाही.

फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतले. पुढे ती व्हॉलीबॉलच्या मैदानालगतच्या उपचारखोलीत कामाला लागली. खेळाडू तिला ताई म्हणत. घोटे, खांदे, गुडघे घेऊन ते यायचे. माझ्याकडे कोणाचेच काम नसायचे. संघाचे प्रशिक्षक, म्हणजे सर, आत आले की बिनदिक्कत आपली टोपी माझ्यावर अडकवायचे. वर म्हणायचे, "डॉक्टर, ही खुंटी फार सोयीची आहे बरं का." माझे रबर फाटले तेव्हा ताईने एका खेळाडूचा लाल मोजा कापून माझ्या तळाला शिवला. मोजा धुतलेला होता, एवढेच समाधान.

संघात एक मुलगी होती. उंच उडायची म्हणून सगळे तिला टोळ म्हणत. बाळंतपणानंतर ती नुकतीच मैदानावर परतली होती. एक दिवस ती आली आणि म्हणाली, "ताई, गुडघा फार दुखतो. मी खेळ सोडतेय. सरांना तुम्हीच सांगा."

ताईने गुडघे दाबून, वाकवून पाहिले. "दुखतो तरी कुठला?"

"कधी डावा, कधी उजवा."

ताई हसली नाही. टोळ सरावाआधी घोटभर पाणीही पीत नाही आणि उड्यांची वेळ आली की बुटाची नाडी बांधत बसते, हे तिने पाहिले होते. तिने दार लावले, सरांची टोपी बाजूला ठेवली आणि मला टोळच्या मांडीवर दिले. "माझ्याकडे बघू नकोस. याच्याकडे बघून सांग."

डोळ्यांत पाहून जे सांगवत नाही, ते माझ्यासारख्या बिनडोक्याला सांगता येते. टोळ माझा मोजा चाचपू लागली. मग म्हणाली, "उडी मारली की थेंब गळतात. आईलासुद्धा नाही सांगितलं. सगळ्यांसमोर असं झालं तर कुठे तोंड दाखवू?"

"बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं. आणि बरंही होतं," ताई म्हणाली. कुठले स्नायू आवळायचे आणि मग सोडायचे, ते तिने माझ्यावर बोट ठेवून दाखवले.

पण पडली खेळाडू! तिचे थोडक्यात कसे भागणार? तिने आवळणे घेतले आणि सोडणे वगळले. जेवताना आवळलेले, जिना चढताना आवळलेले, बाळाला झोपवतानाही आवळलेले. गळणे वाढले, वर कंबरही धरली. रडवेली होऊन ती आली. "एवढी मेहनत वाया गेली, ताई. निवड तोंडावर आलीय. बास झालं आता."

ताईने माझा मोजा ताठ ओढून धरला आणि त्यावर टेबल टेनिसचा चेंडू टाकला. तो उडून कपाटाखाली गेला. मग मोजा सैल सोडला, तर दुसरा चेंडू अलगद आत विसावला.

"सर्व्हिस उचलताना हात ताठ ठेवतेस का?"

"छे, मग चेंडू थेट प्रेक्षकांत जाईल." टोळ बोलता बोलता थांबली. "म्हणजे मी दिवसभर हे स्नायू तसेच ताठ धरलेत."

त्यानंतर ती आधी सोडायला शिकली. सर दारातून विचारायचे, "गुडघा काय म्हणतोय?" ताई म्हणायची, "निवडीपर्यंत थांबा, सर." त्यापलीकडे एक शब्द खोलीबाहेर गेला नाही. निवडीच्या दिवशी मी खिडकीत होतो. टोळने पाण्याची बाटली तोंडाला लावली, गटागटा रिकामी केली आणि उडी घेतली. मला फार आनंद झाला.

पुढे ताईने याच स्नायूंच्या उपचारांचे शिक्षण घेतले आणि स्वतःचा दवाखाना काढला. तिथे हलती चित्रे दाखवणारा मोठा पडदा आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. खोटे कशाला सांगू, धूळ खाताना वाईट वाटायचे.

एके दिवशी सर आले. केस पिकले होते, टोपी तीच होती. त्यांची मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाल्याचे सर्जनने ताईला फोनवर आधीच सांगितले होते. सर मात्र म्हणाले, "डॉक्टर, गुडघा दुखतोय."

"कुठला, सर?"

"कधी डावा, कधी उजवा."

ताईने पडदा सुरू केला, तशी सरांनी मान फिरवली. तिने पडदा बंद केला, स्टुलावर चढून मला खाली काढले, पुसले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. "माझ्याकडे नको, याच्याकडे बघून सांगा."

"अरे, ही तर माझी खुंटी," सर पुटपुटले. मग हळूहळू त्यांनी मला सगळे सांगितले. गळण्याच्या भीतीने त्यांनी सामने बघायला जाणेही सोडले होते.

"आवळायचं आणि सोडायचं, सर," ताई म्हणाली. "खेळाडू लोक सोडायचं विसरतात."

मित्रांनो, मला पुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. पण तुमची आई, मावशी किंवा आजोबा हसता हसता एकदम गप्प झाले, प्रवासाला नको म्हणू लागले, तर त्यांची थट्टा करू नका. शेजारी बसा, ऐकून घ्या आणि ताईसारख्या कोणाकडे जायला सांगा.

सर हल्ली नेमाने येतात. टोपी हातात धरून बसतात, माझ्यावर अडकवत नाहीत. आज मात्र सामन्याची वेळ होत आली होती. घाईघाईत टोपी माझ्यावर अडकवून ते मैदानाकडे निघून गेले आणि ती माझ्यावरच राहिली.