उल्हासनगरचा माल

“रिकामी गाडीवर टाइट नाय करायचं हां, सुदामभाऊ! रोज जो बसेल ना, त्याला पहिले अंदर बसव. गाडी चार चाकावर खडी पाहिजे. मग बोल्ट आवळ. नाय तर मलाच शिव्या देत येशील.”

हा आवाज टेकचंददादांचा. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात त्यांचं छोटंसं वर्कशॉप होतं. १९८९ साली, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, मला कपाळाला लावून त्यांनी सुदामभाऊंच्या हातात दिलं, तेव्हाचे हे शब्द.

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे. मोटारीचं चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग उसळते. ती उसळी आपल्या अंगात मुरवायची, आत बसलेल्या माणसापर्यंत जाऊ द्यायची नाही, हा माझा नेम. दादांच्या लेथवर माझी दांडी घडली. पोटात तेल भरलं. कमरेला एक कडी बसवली. ती फिरवली की टक टक वाजते. तिची नऊ घरं. पहिल्या घरावर मी मऊ, नवव्यावर ताठ. आम्ही अशी चार भावंडं, चार चाकांसाठी. गाडीसोबत कारखान्यातून जे शॉकअप येत, त्यांना ही कडी नसे. आम्हाला होती. हे मी मान वर करूनच सांगणार!

सुदामभाऊ कारकून होते. बदलापुरात कात्रपला राहायचे. त्यांच्याकडे सेकंडहँड फियाट होती. त्यांच्या पत्नी द्रौपदीबाई अंबरनाथच्या एका शाळेत चौथीचा वर्ग घ्यायच्या. त्यांच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. चालता येई, उभं राहता येई, पण धक्का म्हणून सोसत नसे. रजा संपत आली होती. हेडमास्तरांनी निरोप धाडला होता, “दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडेल. त्या दिवशी हजर व्हा. जमत नसेल तर प्रकृतीचं कारण देऊन निवृत्तीचा अर्ज लिहा.”

“अर्ज मी लिहिणार नाही,” बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. म्हणून आम्ही आलो.

बसवायचं काम अंबरनाथच्या नाथा मेस्त्रीकडे होतं. सुदामभाऊंनी दादांचं सांगणं त्याच्या कानावर घातलं. नाथा जीभ चावून म्हणाला, “काय भाऊ! आजारी बाईमाणसाला या तेलाग्रीसात आणून बसवता? माझ्या पोरीला शिकवलंय त्यांनी. बरं दिसतं का ते?”

सुदामभाऊंनाही ते पटलं. दोघंही भली माणसं. मित्रांनो, पुष्कळ चुका भलेपणानेच होतात.

नाथाने गाडी जॅकवर उचलली. चाकं अधांतरी लोंबत होती. “बाईंसाठी एकदम कडक काम,” म्हणत त्याने तशीच आमची बोल्टं कचकचून आवळली आणि चारही कड्या नवव्या घरावर नेल्या. कडक म्हणजे मजबूत, हा त्याचा हिशेब. गाडी खाली उतरली मात्र, माझ्या दोन्ही टोकांचे रबरी बुश असे पिळले गेले, जसा कुणी कान धरून पिळावा!

शाळा उघडण्याआधीच्या शुक्रवारी बाईंना बसवून गाडी कात्रपहून निघाली. पहिल्या खड्ड्याला बाईंनी सीट घट्ट धरली. तिसऱ्या खड्ड्याला म्हणाल्या, “अहो, थांबवा.” त्या खाली उतरल्या आणि दाराला धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या. ओठ पांढरे पडले होते.

तेवढ्यात शेजारचे बबनराव स्कूटर थांबवून उभे! “काय रे सुदाम, सांगितलं होतं ना? उल्हासनगरचा माल! वरून चकचकीत, आतून रामराम. फियाटला पावडर-लिपस्टिक लावली तू.”

सुदामभाऊंनी टायरला लाथ घातली. “उद्याच उपटून भंगारात टाकतो!”

मला तेव्हा तोंड असतं तर रस्ताभर ओरडलो असतो. होय, मी उल्हासनगरचा माल आहे! त्यात लाजायचं काय? माझी दांडी वाकलेली नाही. माझं तेल गळलेलं नाही. नऊ घरं असलेल्याला एकाच घरात कोंडलं आणि वर कान पिळले. मी चुकीचा नाही. मला चुकीचं बसवलंय. हा आळ मी घेणार नाही!

मला तोंड नव्हतं. पण बाईंना होतं.

“अहो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “दुकानदार नेमकं काय म्हणाले होते? शब्द न शब्द सांगा.”

सुदामभाऊंनी खाली मान घालून सांगितलं.

“मग मला का नाही बसवलं?”

“नाथा म्हणाला, बरं दिसत नाही.”

“आणि मी जन्मभर घरी बसलेली बरी दिसेन?”

 बबनरावांनी स्कूटरला किक मारली.

शनिवारी सकाळी पूजा आटोपून, गाडी अगदी सावकाश हाकायला लावून बाई गॅरेजात हजर झाल्या. नाथाने घाईघाईने सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. “बाई, तुम्ही कशाला...” “नाथा, पाना घे,” बाई म्हणाल्या. चौथीतल्या पोराला पाटी घे म्हणावं, तसं.

बाई मागे डावीकडे बसल्या, सुदामभाऊ स्टिअरिंगवर. गाडी ठोकळ्यांवर चढवली, पण चारी चाकं टेकलेली. नाथाने खालून बोल्टं सैल केली, तशी माझ्या बुशांची पिळवटणूक सुटली. केवढं हायसं वाटलं! वजन बसू दिलं, मग बोल्टं आवळली. आता कड्या. नऊवरून त्याने थेट दोनवर आणलं. गाडी पाळण्यासारखी डुलायला लागली. बाईंना मळमळलं.

“बाई डावीकडे बसतात ना, डावीकडचे मऊ ठेवतो, उजवीकडचे राहू देत कडक,” नाथाने डोकं चालवलं.

“एक चप्पल उंच, एक सपाट घालून तू चालशील का रे?” बाईंनी विचारलं.

नाथा ओशाळला. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या. पुढचे पाचव्या घरावर, मागचे चौथ्यावर. गॅरेजासमोरच्या रस्त्यात एक आडवा चर होता. त्यावरून फेऱ्या सुरू झाल्या. एकेक घर पुढे, एकेक मागे. सातव्या फेरीला बाई म्हणाल्या, “थांबलात का? चर कधी येणार?”

“बाई, चर मागे गेला!” नाथा ओरडला.

सोमवारी हेडमास्तरांनी टेबलावर कोरा कागद काढून ठेवला होता. बाईंनी तो बाजूला सारला, हजेरीचं पुस्तक ओढलं आणि सही केली. पुढच्याच महिन्यात बबनराव टेकचंददादांचा पत्ता विचारायला आले.  त्या दिवशी कात्रपच्या प्रत्येक खड्ड्यात मी जरा जास्तच ऐटीत उतरलो.

सात वर्षं झाली त्याला. पहिली दोन वर्षं कोडकौतुक झालं. मग मी कुरकुरत नाही म्हणून मला सगळे विसरले. चिखल साचला, तेल अडवणारं सील फाटलं, तेल गळालं. गाडी पुन्हा डुलायला लागली. यंदाच्या मे महिन्यात मला भावंडांसकट काढून नाथाच्या टेबलावर टाकलं. बबनराव येऊन म्हणालेच, “आता तरी नवा जोड टाका!” सुदामभाऊही डळमळले. पण बाईंची अजून चार वर्षं नोकरी बाकी आहे, आणि नाथाची त्यांच्यापुढची मान अजून खालीच असते. जून लागला तसा तो म्हणाला, “बाई, नवं सील, नवं तेल घालतो. शाळा सोमवारी उघडते ना? रविवारी सकाळी घरी येऊन बसवून देतो. तुम्ही फक्त गाडीत बसायचं.”

मित्रांनो, मी दयेची भीक मागत नाही. हक्काचं मागतो. वस्तू वाईट म्हणण्याआधी ती कशी बसवली ते बघा. जी निमूट काम करते, तिच्याकडे मुद्दाम वाकून बघा. आणि जिच्यासाठी बसवता, तिला आधी विचारा. एवढं करून मी हरलो, तर खुशाल भंगारात टाका!

आज रविवार आहे. नाथाने मला पुसलं, दोनदा दाबून पाहिलं, मी दोनदा सावकाश वर आलो. त्याने मला भावंडांसोबत गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधलं. बाहेर भुरभुर पाऊस आहे. “अहो, सुट्टीच्या दिवशी कुठे?” घरातून नाथाच्या बायकोची हाक आली.  त्याने पाना पिशवीत घातला, गोणपाटावर प्लॅस्टिक ओढलं आणि बदलापूरच्या दिशेने पायडल मारलं.