नोटिशीची पोच

"साइन बाद में. पहले गहवा," यम्नाबाई म्हणाल्या आणि त्यांनी उर्मिलाच्या हातात कॉफीचा चिमुकला कप दिला.

उर्मिलाने मुकाट्याने घोट घेतला. डोकं मात्र तापलेलं होतं. यम्नाबाईंच्या शारजातल्या या नव्या व्हिलाचं एसी डक्टचं काम तिच्या कंपनीने केलं होतं, पण मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली. त्याने पैसे बुडवले, तर मालकिणीकडे थेट मागायची सोय नव्हती. फार तर वेळेवर नोटीस देऊन 'त्याचा शेवटचा चेक थांबवा' एवढी विनंती करता येत होती.

ती नोटीस उर्मिलाने तीन आठवड्यांपूर्वीच तयार केली होती, अरबी भाषांतर, नोटरी, सगळं करून. पण कंपनीचे मालक सतीशसर यांनी ती ड्रॉवरमध्ये कोंबली.

"उर्मिला, नोटीस गेली की रिलेशन खलास. पैसे देतो, इन्शाल्ला, म्हणालाय ना तो कंत्राटदार?"

"सर, अठरा वर्षं मी हे इन्शाल्लाच फाइलला लावतेय!"

काल रोल्लातल्या ऑफिसच्या दारावर थकलेल्या भाड्याचा कागद चिकटला, तेव्हा कुठे सरांना जाग आली. कंपनी बुडाली तर उर्मिलाची नोकरी आणि व्हिसा, दोन्ही जाणार होती.

यम्नाबाईंनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला.

"बेटी, पैसा तो परसों दे दिया. पूरा. तुम लोगों ने काम किया, मेरे को किसी ने बोला ही नहीं."

फक्त दोन दिवस! उर्मिलाला सतीशसरांचा राग आला, कंत्राटदाराचा आला आणि सर म्हणाले म्हणून गप्प बसलेल्या स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. यम्नाबाईंनी पोच म्हणून सही केली, खाली तारीखही घातली. आता त्या सहीचा काडीचा उपयोग नव्हता.

ती निघाली, तशा यम्नाबाई संकोचून म्हणाल्या, "एक बात. मजलिस में एसी सीटी बजाता है. वो आदमी फोन नहीं उठाता."

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. तरी ती त्यांच्यामागून बैठकीच्या खोलीत गेली. दाराच्या वरची एसीची जाळी बारीक शीळ घालत होती. आत हवा कमी-जास्त करायची पट्टी असते, हे तिला तक्रारींची उत्तरं टाइप करून करून पाठ झालं होतं. काम मात्र तिने आजवर कागदावरच पाहिलं होतं.

"कुर्सी मिलेगी?"

ओढणी खोचून ती वर चढली. जाळीत बोट घालून तिने पट्टी जराशी उघडली. शीळ थांबली.

"माशाल्ला! किसने बनाया ये?"

"हमने," उर्मिला म्हणाली, आणि गार हवा तोंडावर घेत थोडा वेळ खुर्चीवरच उभी राहिली.