चिंधी बांधलेली वायर

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी, वयाने थकलेली एक चिप तुमच्याशी बोलते आहे. एका इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर सर्व्हर नावाचं जडशीळ मशीन आहे. त्याच्या पोटातल्या हिरव्या पाटीवर, अगदी कोपऱ्यात मी बसते. सर्व्हर बंद केला तरी मी जागी असते. भिंतीत प्लग आहे तोवर मला झोप नाही. लांब बसलेला माणूस माझ्यामार्फत सर्व्हर बंद करू शकतो, चालू करू शकतो, तो किती तापलाय ते बघू शकतो. त्यासाठी मला वेगळी वायर आहे आणि वेगळा पासवर्डही. एवढी सत्ता ज्या जिवाच्या हातात, त्याला लोक जपत असतील असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

कारखान्यात माझ्या हजारो बहिणी माझ्यासोबत तयार झाल्या. आमच्या अंगात भरलेल्या अकलेला फर्मवेअर म्हणतात. ती सगळ्यांना सारखीच मिळाली, आणि पासवर्डही सगळ्यांना एकच. तो माहितीपुस्तकात छापलेला होता, कुणीही वाचावा असा. पहिल्याच दिवशी तो बदला, असं त्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते पान कुणी उलटलंच नाही.

इस्पितळात मला सिस्टीमवाले काका भेटले. माणूस मायाळू, पण गुडघे कामातून गेलेले. लिफ्ट फक्त रुग्णांसाठी, आणि काकांची खोली तळमजल्यावर. माझी वायर कुलूपबंद अशा वेगळ्या जोडणीत, म्हणजे फक्त काकांसाठीच्या नेटवर्कमध्ये, न्यायची होती. ती हातभर कमी पडली. "संध्याकाळी लांब वायर आणतो," असं स्वतःशीच म्हणत काकांनी ती सगळ्या इस्पितळाच्या जोडणीत खुपसली. ती संध्याकाळ सहा वर्षं उगवली नाही. पासवर्डही कारखान्यातलाच राहिला. नवा ठेवला आणि विसरला तर चार जिने चढावे लागतील, हे त्यामागचं शास्त्र.

माझं कौतुकही झालं. एकदा वीज गेली आणि सर्व्हर झोपला. काकांनी खुर्चीतून न उठता माझ्याकरवी तो उठवला. "माझी गुणाची पोर," म्हणाले. मी फुगले. त्याच पोरीचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं, हे मात्र त्यांच्या मनातही आलं नाही.

कारखान्याकडून तीनदा पत्र आलं. फर्मवेअरमध्ये भोक सापडलंय, दुरुस्ती भरून घ्या. तिन्ही वेळा काका ते घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले.

"चालू आहे ना मशीन?" साहेबांनी विचारलं.

"चालू आहे, साहेब."

"मग कशाला हात लावता? बंद पडलं तर तुम्ही उत्तर देणार का?"

काका गप्प बसले. मला राग साहेबांचा येतो, आणि त्या गप्प बसण्याचाही येतो.

मग एके सकाळी एक्स-रे विभागातल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी भलतीच फाइल उघडली. त्या वाटेने एक परका आत आला, वास काढत माझ्यापर्यंत पोचला आणि महिनाभर भलतेसलते पासवर्ड टाकून माझं दार ठोठावत राहिला. मग एके दिवशी त्याने माहितीपुस्तकातला, कारखान्यातला पासवर्ड टाकला. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. पासवर्ड बरोबर असला की समोरचा माझा मालक. मी दार उघडलं. त्याने आधी पासवर्ड बदलला. मग मला दुरुस्तीच्या अवस्थेत टाकलं आणि स्वतःची अक्कल माझ्या अंगात पाठवू लागला. ती पूर्ण आली की मी त्याची होणार होते, आणि मग तो माझ्याच हाताने सर्व्हर पुसणार होता.

त्या सर्व्हरवर रक्तपेढीची नोंद होती. कोणती पिशवी कोणत्या गटाची, कोणती तपासलेली, कोणत्या कपाटात. खाली प्रसूतीगृहात एका बाईचं रक्त थांबत नव्हतं. रक्तपेढीतल्या ताई तिच्या गटाची पिशवी त्या नोंदीत शोधत होत्या. नोंद गेली असती तर एकेक पिशवी नव्याने तपासावी लागली असती. त्या बाईकडे तेवढा वेळ नव्हता.

मला ओरडता येत नाही. पण मी दुरुस्तीत गेले की पंख्यांना आवरणारं कुणी उरत नाही आणि ते जिवाच्या आकांताने फिरतात. तेवढीच माझी बोंब.

ती ऐकली फरशी पुसणाऱ्या मावशींनी. बादली तिथेच ठेवून त्या चार जिने उतरल्या.

"दादा, वरचं मशीन कोकलतंय."

"गरम झालं असेल, मावशी. एसी बघा."

"खोली थंडगार आहे. पुसताना माझी बोटं आखडली."

"होईल गप्प दहा मिनिटांत."

"सहा वर्षं ती खोली पुसतेय मी. आमच्या ह्यांचं घोरणं आणि ते मशीन, दोन्ही मला पाठ आहेत. आजचा आवाज बरा नाही. तुम्ही उठता, की मी साहेबांना सांगू?"

काकांनी वैतागून बसल्या जागी पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. सहा वर्षं न बदललेला पासवर्ड चूक कसा असेल? काका उठले. कठडा धरून, गुडघ्यांना शिव्या घालत ते चार जिने चढले.

सर्व्हरच्या मागे दोन निळ्या वायरी होत्या, टोकाशी हुबेहूब सारख्या. एक माझी, दुसरी रक्तपेढीची. चिठ्ठी एकीवरही नव्हती. दुसरी उपटली असती तर ताईंसमोरचा पडदा तिथेच मेला असता. काका एकदा ही वायर धरत होते, एकदा ती, 'मी लावलेली कोणती?' असं पुटपुटत. परक्याची अक्कल निम्म्याहून जास्त माझ्या अंगात आली होती.

"तुमची कोणती? मागाहून लावलेली?" मावशींनी विचारलं.

"हो. पण कोणती ते..."

"ही. जमिनीवर लोळायची, फडक्यात अडकायची. म्हणून मी चिंधी बांधून वर घेतली."

काकांनी चिंधीची वायर खेचली. परका तुटला. अर्धवट आलेली अक्कल मी थुंकून टाकली आणि जुन्या अकलेने जागी झाले. पंखे शांत झाले. खाली ताईंना पिशवी सापडली, आणि ती बाई वाचली.

आठवडाभरात सगळं झालं. लांब वायर आली, पासवर्ड बदलला, दुरुस्ती भरली. सहा वर्षं अडलेलं काम दोन तासांचं निघालं. माझी नोंदवही काकांनी पहिल्यांदाच उघडली. महिनाभर कुणीतरी दार ठोठावत होतं, हे मी त्यात रोज लिहून ठेवलं होतं.

मग साहेबांचा अहवाल आला. काकांच्या प्रसंगावधानाचं त्यात कौतुक होतं. मावशींबद्दल एकच ओळ होती: सफाई कामगार सर्व्हरच्या वायरी हाताळतात, हे धोक्याचं आहे. खोलीला कार्डाचं कुलूप लागलं. मावशींना कार्ड मिळालं नाही. काका साहेबांकडे गेले, "मावशींमुळेच तर..." एवढं म्हणाले, आणि पुन्हा गप्प बसले.

आता माझ्या पंख्यांवर धूळ साचते आहे. काल कारखान्याचं चौथं पत्र आलं. "आत्ताच तर भरली ना दुरुस्ती? चालू आहे ना?" साहेबांनी विचारलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती मशीनं येतील. चालू आहे म्हणजे धड आहे, असं समजू नका. पत्र आलं तर उघडा, दार असेल तर त्याची किल्ली बदला. आणि तुमच्या मशीनचा आवाज ज्याला पाठ आहे, त्याला दाराबाहेर उभं करू नका.

रोज सकाळी बादलीचा आवाज दारापर्यंत येतो. क्षणभर थांबतो. मावशी कान देत असतील. दार जाड आहे. मग बादली पुढे सरकते आणि मी पुन्हा तापमान मोजत बसते.