मुळे ऱ्हस्व

लोकांच्या चुका काढणं हाच माझा धंदा. वीस वर्षं प्रुफं तपासतेय, आणि घरात तर विचारूच नका. म्हणूनच परवा डॉक्टरबाईंनी लेकीच्या दातांचा एक्स-रे उजेडावर धरला तेव्हा माझी कशी जिरली, ते सांगते.

लेक सोळा वर्षांची. वरचा एक सुळा पुढे आलेला, त्यापायी दीड वर्ष तारा लावून बसलीय. तोंडात फोड आले, हिरड्या सुजल्या, पण पोरीनं हूं की चूं केलं नाही. सुळा आत्ता कुठे अर्धा मागे सरकलाय, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, पुढच्या दातांची मुळं झिजून आखूड झालीत. तारा ठेवल्या तर दात हलायला लागतील. काढल्या तर दात टिकतील, पण सुळा आहे तिथेच राहील. आठवड्याभरात ठरवा.

हे आधी सांगायला काय झालं होतं, म्हणून मी फणकारले. त्यांनी शांतपणे फायलीतून संमतीचा कागद काढला. खाली माझीच सही. वर छापलेलं, ‘दातांची मूळे आखूड होण्याची शक्यता असते.’ त्यातला ‘मू’ मी लाल पेनानं ऱ्हस्व केलेला. चूक बरोब्बर पकडली होती आणि वाक्य वाचलंच नव्हतं. मुळं तेवढी ऱ्हस्व करून घरी आले होते, शहाणी.

लेक बाहेर जिन्यात थांबली होती. दातांची काळजी होतीच, पण खरी भीती ही, की पोरगी मला कधी माफ करणार नाही. तरी सगळं सांगून टाकलं. न वाचता सही केली, चुकलं माझं, म्हटलं.

ती पायरीवर बसली. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली.

“आई, ती ओळ मी वाचली होती. तू खुणा करत होतीस ना, तेव्हा मागून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू तारा लावूच दिल्या नसत्यास.”

असा राग आला की दोन धपाटे घालावेत. घातले नाहीत, शेजारी बसले आणि तिला जवळ ओढलं. माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती म्हणाली, “रोज सकाळी दात हलतोय का बघायचे. कंटाळा आलाय घाबरायचा. काढून टाकू या ना.”

म्हणजे दीड वर्ष माझं लेकरू एकटंच भीत होतं, आणि मी बाजूच्या खोलीत वेलांट्या तपासत होते. मी तिचा हात धरला आणि आम्ही परत जिना चढलो.