वरचं तावदान

एफी रँकीनबाई स्वयंपाकघरात शिरल्या, की पहिली शिवी खिडकीला. लीथमधल्या त्या घराची वर-खाली सरकणारी खिडकी चाळीस वर्षांत इंचभर हलली नव्हती. मुलगा आता प्लास्टिकची बसवायला निघाला होता. त्याआधी शेवटचा उपाय म्हणून बाईंनी मोरॅग सुतारणीला बोलावलं.

"या एवढ्याशा चाकूने काय जादू करणार तू, पोरी?"

"बाई, ही रंगाने चिकटलीय. कोणी फासलाय एवढा?"

"माझ्या नवऱ्याने, फर्गसने. दर वसंतात एक हात! फार जीव होता त्याचा खिडकीवर."

मोरॅगने फटीफटीतला रंग कापला. चौकटीच्या बाजूचं झाकण काढून आतली, तावदान तोलून धरणारी लोखंडी वजनं बाहेर घेतली, त्यांच्या कुजलेल्या दोऱ्या बदलल्या. खालचं तावदान एका बोटाने वर गेलं. बाईंनी खुशीत चहाचं आधण ठेवलं.

"अजून वरचं राहिलंय," मोरॅग म्हणाली.

"वरचं कुठे हलतं!"

"हलतं की. खालून गार हवा आत, वरून वाफ नि धूर बाहेर. म्हणून तर दोन तावदानं."

मोरॅगने तेही मोकळं केलं आणि वरचं तावदान सरसर खाली आलं. किटलीची वाफ सरळ रस्त्यावर निघाली. बाई बघतच राहिल्या. फर्गसच्या पाइपच्या धुरावरून त्या घरात रोज भांडण व्हायचं. मरेपर्यंत तो बिचारा बाहेर जिन्यात खुर्ची टाकून ओढायचा.

बाईंनी मुलाला फोन करून प्लास्टिक रद्द केलं. मग जिन्यातली ती खुर्ची उचलून आणली आणि खिडकीपाशी ठेवली.

"ये रे गाढवा," त्या म्हणाल्या, "बस आता आत."