म्यूट करायचं राहिलं

क्षिप्रा महिन्यातले चार दिवस नवी मुंबईच्या ऑफिसात टीम लीड असायची आणि उरलेले दिवस दिवेआगरच्या पडवीत. घरात रेंज यायची ती पडवीतच, आणि वाडीतली सुपारी सोलणाऱ्या बायकाही तिथेच बसायच्या. ऑफिसात तरी तिला जागा कुठे होती? नव्या सजावटीत केबिनी गेल्या, ठरलेली टेबलं गेली. जो आधी येईल त्याची खुर्ची. या प्रकाराला तिचे बॉस अजेय 'मोकळं वातावरण' म्हणत.

त्या मोकळ्या वातावरणात तिच्या टीममधल्या प्रज्योत आणि मनालीने दोन टोकं पकडली होती. बोटीच्या तिकिटांचं ॲप दोघांनी मिळून करायचं, पण एका बटणाच्या रंगावरून वाजलं आणि बोलणंच बंद. प्रज्योत क्षिप्राला मेसेज करायचा, क्षिप्रा तो मनालीला धाडायची. वीस पावलांवरचा प्रश्न दिवेआगरची हवा खाऊन परतायचा. ही कसली लीड, हे तर टपालखातं! त्यात अजेयनी साफ सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत ॲप झालं नाही तर लीडची जागा रोज ऑफिसात दिसणाऱ्या माणसाला. क्षिप्राची झोप उडाली. ही जागा तिला मनापासून हवी होती.

बुधवारच्या मीटिंगमध्ये ती नेहमीसारखं, आपण जरा अलाइन होऊ या, जमलं तर, असं काहीतरी म्हणाली आणि पाणी प्यायला उठली. म्यूट करायचं राहिलं. पडवीत दोन जावांचं बिनसलं होतं. एक खांबाशी, दुसरी पायरीवर. सोलणीचं काम बघणाऱ्या मनुबाई कडाडल्या,

"हिकडं ये. तिच्या शेजारी बस. एकच टोपली दोघीत. तोंड फिरवायचं तं टोपली सरल्यावर फिरवा."

क्षिप्रा परतली तेव्हा स्क्रीनवर प्रज्योत आणि मनाली एकाच लॅपटॉपसमोर बसलेले. एखाद्याचा लॅपटॉप बिघडला असेल, असं तिला वाटलं.

ॲप गुरुवारीच झालं. शुक्रवारी ती ऑफिसात गेली तर अजेय खूश. बुधवारी ऐकवलीस ती टोपलीची पद्धत कुठल्या कोर्समधली, सगळ्या टीमना लावू या, म्हणाले. माइक चालूच राहिला होता, हे क्षिप्राला तेव्हा कळलं. नुसतं हो म्हटलं की झालं असतं, आणि ते तिच्या जिभेवर आलंही होतं. पण मनुबाईंचं श्रेय लाटायला मन धजेना. आवाज माझा नव्हता, मनुबाईंचा होता, त्या आमच्याकडे सुपारी सोलतात, असं तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"माहीत होतं आम्हाला," मनाली म्हणाली. "तू इतकं सरळ कधी सांगतेस? सहा आठवडे आम्ही वाट बघत होतो, कुणीतरी एकत्र बसा म्हणेल म्हणून."

क्षिप्राला ते चांगलंच लागलं, कारण ते खरं होतं. अजेय घसा खाकरून म्हणाले, मग लीड कोण, हा प्रश्न उरतोच.

"मीच," क्षिप्रा म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. "आणि मला मधली चार टेबलं जोडून हवीत. आम्ही सगळे तिथेच बसणार."

अजेय 'बघू या' म्हणेपर्यंत प्रज्योतने एक टेबल ओढायला घेतलं होतं, आणि दुसऱ्या बाजूने मनालीने धरलं होतं.