वहीतला एक कमळपक्षी

गुलनार मॅडम नेरहून स्कुटीनं शाळेत यायच्या आणि वाटेतल्या गावतळ्यापाशी रोज दोन मिनिटं थांबायच्या. तळ्यावर कमळपक्षी होते. लांब शेपटीचे, हलक्या पायांचे, पानावरून पानावर चालत जाणारे. तेवढं बघून घेतलं, की मॅडमचा दिवस बरा जायचा.

आणि याच बाईंनी तळं साफ करायचा उपक्रम काढला! सातवीचं विज्ञान, गावाची सेवा, शिवाय पंधरा ऑगस्टला तालुक्याचे साहेब येणार. पोरांनी काठावरचं प्लास्टिक वेचलं. मोठ्या माणसांनी दोर टाकून पाण्यातली वेल ओढून काढली. "एक पान राहता कामा नये!" असं मॅडमच ओरडत होत्या. त्याच पानांवर पक्ष्यांचा संसार होता, हे विज्ञानाच्या बाईंच्या ध्यानात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तळं चकाचक झालं, साहेबांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी वेलीच्या ढिगात सातवीतल्या प्रेरणाला चार तपकिरी अंडी सापडली, थंडगार. त्या दिवशी विज्ञानाचा तास झाला नाही.

मग वही सुरू झाली. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की वर्ग तळ्यावर अर्धा तास बसायचा आणि दिसले तेवढे पक्षी मांडायचा. जे दिसलं तेच लिहायचं, हा मॅडमचा नियम. बगळे तीन, खंड्या एक, कमळपक्षी शून्य. असे चौदा शनिवार गेले. कोपऱ्यात वेलीला नवी पानं फुटली, तिला आता कोणी हात लावत नव्हतं. पण पक्षी फिरकले नाहीत. सासरी गेलेली पोर माहेरच्या माणसाची वाट बघते, तशी मॅडम त्यांची वाट बघत.

पंधराव्या शनिवारी मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. सोमवारी त्यांनी वही उघडली. कमळपक्षी एक! अक्षर प्रेरणाचं.

शाळा सुटल्यावर मॅडम तळ्यावर जाऊन बसल्या, पार दिवस मावळेपर्यंत. मंगळवारीही बसल्या, बुधवारीही. पाण्यावर काही नव्हतं. गुरुवारी त्यांनी प्रेरणाला जवळ बोलावलं.

"कुठं दिसला गं?"

"थ्या कोपऱ्यात, मॅडम. वेलीवर."

"शेपटी केवढी होती?"

"हातभर लांब!"

आता थंडी पडली होती. आणि थंडीत कमळपक्ष्याची लांब शेपटी गळून जाते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ते रोज पाहिलं होतं.

"नव्हता ना दिसला?"

प्रेरणानं मान खाली घातली. "नाही. पण तुमी रोज तिकडंच पाहून राह्यल्या, मॅडम. मले पाहवे ना. म्हनून लिवला."

रागवायला हवं होतं, पण मॅडमना रागावता येईना. तीन दिवस तो एक आकडा त्यांनी जिवापाड जपला होता. राहू दे वहीत, कोणाचं काय बिघडतं, असंही मनात येऊन गेलं.

तासाला त्यांनी वर्गासमोर वही उघडली. एक खोडला, शून्य लिहिलं, खाली स्वतःची सही केली.

"हे शून्य माझं आहे," त्या म्हणाल्या. "पानं काढा म्हणून मीच सांगितलं होतं. चूक माझी होती."

प्रेरणानं विचारलं, "मंग थे कधी येतीन, मॅडम?"

"माहीत नाही, बेटा," मॅडम म्हणाल्या. "येतील की नाही, तेही माहीत नाही."